उघाडीवरचा जागेवाला

आमच्या घरात पहाटे चहाचे तीन कप भरले जायचे. एक बाबांचा, एक माझा, आणि तिसरा माझ्या सासूबाई घरापुढच्या ओट्याच्या कडेला बशी न झाकता ठेवून द्यायच्या. नवी नवी लग्न होऊन आले तेव्हा मला वाटलं, दूधवाल्याचा असेल. दूधवाला चहाच पीत नाही हे कळायला मला वर्ष लागलं. आईंना विचारलं तर म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे गो. कोन आला तर असावा." कोणी येत नसे. उन्हं वर येईपर्यंत चहावर साय धरलेली असायची आणि त्या ती तुळशीत ओतायच्या.

बाबा म्हणजे माझे सासरे केसरीनाथ. अंजूरचे. ज्या माणसाने आयुष्यभर लुंगी आणि बनियन याच्यापलीकडे कपड्यांचा विचार केला नाही, त्याने साठी ओलांडल्यावर घट्ट काळी चड्डी चढवली आणि डोक्यावर हेल्मेट घातलं, तेव्हा गावाने काय काय म्हणायचं ते म्हणून घेतलं. सायकल मूळची माझ्या नवऱ्याची. कुणालने मोठ्या हौसेने घेतली, बारीक चाकांची, खाली वाकलेल्या हँडलची. पंधरा दिवस कशेळीच्या पुलापर्यंत जाऊन फोटो काढले आणि मग ती माडीवर उभी राहिली. पुढे तिच्यावर माझ्या ओढण्या वाळत पडायच्या. बाबांनी एक दिवस त्या ओढण्या नीट घडी करून माझ्या हातात दिल्या आणि सायकल खाली उतरवली.

कारण सगळ्यांना माहीत होतं, निदान तसं वाटत होतं. बाबांचे गुडघे झिजलेले. डॉक्टर म्हणाले होते, चालणं कमी करा, सायकल चालवा. कुणालला केवढा अभिमान! बापाचे फोटो मोबाईलवर टाकून खाली स्नायू फुगवलेल्या हाताचं चिन्ह टाकायचा. मला मात्र आईंनी वेगळंच सांगितलं. "तू जा यांच्यासंगं. परतीला हे मागं बगत न्हायत. तू बग." मला वाटलं, मानेचंही दुखणं असेल. म्हातारपणी एक का रोग असतो!

तर मी तशीच एक जुनी सायकल विकत घेतली आणि सासऱ्याच्या मागून सायकल चालवणारी गावातली पहिली सून झाले. राहनाळला ज्या गोदामाच्या ऑफिसात मी काम करते तिथल्या बायका म्हणायच्या, काय बाई तुझी मजा. मजाच होती, खोटं कशाला बोलू. पहाटे सुटलं की राहनाळपर्यंत एका दमात जायचं. बाबा पायडल मारताना तोंडाने हळू 'हुं, हुं' करायचे, भात झोडताना करतात तसं.

खाडीकाठच्या हवेचा मात्र काही भरवसा नाही. घरातून निघताना चांदण्या, राहनाळला ऊन, आणि परतताना खाडीच्या अंगाने आलं की सरीवर सर. रेनकोट घातला की ऊन पडणार, काढून मागच्या खिशात कोंबला की पाऊस गाठणार. वारा कधी समोरून छाती दाबतो, तर कधी दोन गोदामांच्या फटीतून असा आडवा येतो की सायकल हातभर बाजूला सरकते. काँक्रीटवर ट्रेलरचं ऑईल आणि डंपरचा चिखल, त्यावर चार थेंब पडले की झालं. बारीक टायरला तेवढं पुरतं.

परतीचा आमचा रस्ता गोदामांच्या आतला. दोन्ही बाजूंना निळे पत्रे, सगळी गोदामं एकसारखी, नुसता भिंतीवरचा नंबर वेगळा. या रस्त्यावर एका जागी खालून पाणी जायला एक मोरी आहे. तिथे बाबा सायकलवरून उतरायचे. हेल्मेट काढायचे, बूटही काढायचे आणि ओल्या काँक्रीटवर अनवाणी उभे राहून काहीतरी पुटपुटायचे. समोर काय, तर गोदामाची भिंत आणि एक बंद गेट. नमस्कार पत्र्याला. मग बूट घालून सायकलवर बसायचे आणि तिथून गावाच्या वेशीवरच्या नव्या देवळापर्यंत मान समोर ताठ धरायचे; चुकून वळलीच तर तोंड पडायचं.

ज्याने तो रस्ता बघितला नाही त्याला यातली गोम कळणार नाही. मागून ट्रेलर येतात, वळणावर त्यांची शेपटी आत घुसते, खड्डा चुकवायला ते कधी कुठे अंग टाकतील याचा नेम नसतो. तिथे सायकलवाल्याने घटकेघटकेला खांद्यावरून मागे बघायचं असतं. हे गृहस्थ बैलाला झापड लावल्यासारखे समोर.

जुलैत एकदा पाऊस आडवा लागलेला असताना मागून एक ट्रेलर खड्डा टाळत सरळ आमच्या अंगावर आला. मी किंचाळले, "बाबा, मागे!"

त्यांनी वळून बघितलं. ट्रेलर चिखल उडवत निघून गेला. बाबांनी ब्रेक मारला, सायकल आडवी टाकली आणि गटाराच्या कठड्यावर बसले. मला वाटलं, छातीत दुखतंय. धावत गेले तर रडत होते. मी त्यांना कधी रडताना बघितलं नव्हतं.

"परत ऱ्हायला तो," ते म्हणाले. "परत मागं ऱ्हायला."

"कोण बाबा?"

तेव्हा त्यांनी सांगितलं. गोदामांच्या आधी इथे खाडीचा बांध होता, आत भाताची खारी जमीन, आणि मोरीच्या जागी उघाडी. म्हणजे बांधातलं लाकडी दार. भरतीला ते आपोआप मिटतं आणि खाडीचं पाणी आत येऊ देत नाही, ओहोटीला उघडतं आणि शेतातलं पाणी बाहेर सोडतं. त्या दाराशी एक शेंदूर लावलेला दगड होता. तो जागेवाला. सगळ्या शिवाराची राखण त्याच्याकडे, आणि त्याला नारळ द्यायचा मान आमच्या घराकडे. जमिनी विकल्या गेल्या, भराव पडायला लागला, तेव्हा ठरलं की जागेवाल्याला वेशीवर संगमरवरी देऊळ बांधून तिथे न्यायचं. रीत अशी, की घरच्या मोठ्याने दगड नव्या कापडात गुंडाळून डोक्यावर घ्यायचा, त्याला 'चल' म्हणायचं, आणि देवळात बसवेपर्यंत मागे बघायचं नाही. दगड पुढे जातो, जागेवाला मागून चालत येतो.

"मी निम्म्या वाटंवर होतो," बाबा म्हणाले. "मागं डंपरनं भराव वतला. एवढा मोठा आवाज झाला, माझी मान वलली. वाजाप वाजत होता, कोनाचा ध्यान न्हवता. दगड बसवला, भंडारा झाला, सगली जेवली. पन मला ठावं हाय ना. दगड आला, तो न्हाय आला."

मी कल्याणची, कॉमर्स शिकलेली. देवळात हात जोडते, पण हिशोबातली माणूस आहे. म्हटलं, "बाबा, एवढंसं मागे बघितलं म्हणून देव काय रस्त्यात बसून राहणार आहे? लहान पोर आहे का तो रुसायला?"

"तुला कोनी जेवायला बोलावला, आन दर पावलाला वलून बगितला ही खरंच येते का म्हनून, तर तू जाशील?" बाबांनी डोळे पुसले. "मी जमीन विकली, सगल्यांनी विकली. त्याचा कोनाला काय वाटत न्हाय. पन त्याला न विचारता विकली. तो पावसात रस्त्यावर उबा, आन मी पंखा लावून झोपू?"

तेव्हा मला कळलं की हा माणूस कित्येक वर्षं धड झोपलेला नाही. पायी नेणं गुडघ्यांना झेपत नव्हतं, म्हणून सायकल. रोज पहाटे ते त्याला आणायला जात होते आणि रोज काहीतरी होऊन मान वळत होती. आता दोनच गोष्टी होणार होत्या. एक तर बाबा त्याला देवळात आणणार, नाहीतर कुठलातरी ट्रेलर बाबांना नेणार. आणि दुसरी गोष्ट होऊ नये म्हणून जी किंचाळणार ती मी, म्हणजे पहिली गोष्ट होऊ न देणारीही मीच. मला त्यांचा राग आला, दयाही आली, आणि खरं सांगायचं तर रागच जास्त आला.

मी भिवंडीत जाऊन माझ्या सायकलला घंटी बसवून आणली. दुकानदार हसला, "रेसिंग सायकल पे घंटी?" म्हटलं, तू बसव. अंगणात आम्ही सराव केला. एकदा वाजली की डावीकडे सरकायचं, दोनदा वाजली की मान न वळवता थांबायचं. ओरडायचं नाही. आई ओट्यावरून बघत होत्या. म्हणाल्या, "एवढा सराव लग्नात फुगडीचा पन न्हवता केला."

तरी महिना-दीड महिना काही जमेना. एकदा कुत्रं पायात आलं. एकदा ओळखीच्या कोणीतरी मागून "काका!" म्हणून हाक मारली. एकदा वाऱ्याने माझाच रेनकोट उडून बाबांच्या अंगावर गेला. दर वेळी बाबा खाली मान घालून म्हणायचे, "उद्या."

याच दिवसांत मला तो आवाज यायला लागला. आम्ही मोरीवरून निघालो की माझ्या मागे चपक, चपक. खारीच्या चिखलातून पाय उपसताना होतो तसा, शांत, एका लयीत. मागे बघावं तर कोरडं ठणठणीत काँक्रीट. म्हटलं, टायरला चिखल लागला असेल. घरी येऊन दोन्ही टायर ब्रशने धुतले. दुसऱ्या दिवशी परत चपक, चपक. आणि बाबांची मान वळली की तो थांबायचा, त्याच क्षणी. मी हे कोणाला बोलले नाही. हिशोबातल्या माणसाने काय बोलायचं?

मग हस्ताचा, म्हणजे हत्तीचा पाऊस सुरू झाला. त्या दिवशी निघताना आभाळ धुतल्यासारखं होतं. राहनाळला ऊन आलं, मी गॉगल लावला. खाडीकडे वळलो तर समोर काळाकुट्ट ढग आणि पाठीवर ऊन. पाऊस आणि ऊन एकदमच. लहानपणी अशा वेळी आम्ही कोल्ह्याचं लग्न म्हणून नाचायचो. त्या दिवशी मात्र निळ्या पत्र्यांवर तो पिवळा उजेड बघून मला कसंतरीच वाटलं. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. बाबा मोरीशी उतरले, अनवाणी उभे राहिले. या वेळी पुटपुटले नाहीत, मोठ्याने बोलले.

"चल रे बाबा. मी आता बोलवायला किती दिस येन ते मला ठावं न्हाय. चल."

आम्ही निघालो आणि पाऊस कोसळला. ऊन गेलं. बाबांचा लाल दिवा तेवढा समोर लुकलुकत होता. मागे चपक, चपक. मी सवयीप्रमाणे खांद्यावरून मागे बघितलं, कारण तेच माझं काम होतं.

मागे ट्रेलरची रांग होती. दिवे लावलेले, एकामागे एक, आमच्या सायकलींच्या चालीने चाललेले. कोणी हॉर्न वाजवत नव्हतं, कोणी ओव्हरटेक करत नव्हतं. पहिल्या ट्रेलरच्या आणि माझ्या मधे बरीच जागा मोकळी होती. आणि त्या जागेत, भर पावसात, रस्त्याचा एक तुकडा कोरडा होता. बाजेएवढा असेल. त्यावर एक थेंब पडत नव्हता. आणि तो तुकडा आमच्या मागून पुढे पुढे येत होता.

घंटी वाजवावी की नको कळेना. मग मी मान समोर केली, त्या लाल दिव्यावर नजर लावली आणि पायडल मारत राहिले. पुन्हा मागे बघायची माझी छाती झाली नाही. देवळाच्या आधी थोडा चढ आहे. तिथे बाबांचे गुडघे थरथरताना मला मागून दिसत होते. 'हुं, हुं' आता कण्हण्यासारखं येत होतं. पण मान हलली नाही. ते तसेच पायरीशी उतरले, सायकल सोडून दिली, ती धाडकन पडली. तरी मान हलली नाही. आत गेले. नारळ फोडल्याचा आवाज आला.

"बस आता," आतून त्यांचा आवाज आला.

मग ते बाहेर आले आणि त्यांनी पहिल्यांदा मागे बघितलं. मीही बघितलं. रस्ता कडेपासून कडेपर्यंत ओला होता. ट्रेलर एकेक करून पुढे जायला लागले. पहिल्याच्या ड्रायव्हरने डोकं बाहेर काढलं. "मैडम, कब से हॉर्न दबा रहा हूँ, बज ही नहीं रहा था. अब देखो." त्याने दाबला आणि तो असा कोकलला की मी दोन पावलं मागे गेले.

"आला," बाबा म्हणाले. त्यांच्या तोंडावर पाऊस होता की डोळ्यांतलं पाणी, कळायला मार्ग नव्हता.

घरी पोचलो तर आई ओट्यावरच होत्या. त्यांनी बाबांच्या तोंडाकडे बघितलं, ओट्यावरचा तिसरा कप उचलला, धुतला आणि मांडणीवर उपडा घातला. बाबा ओल्या कपड्यांनिशी आडवे झाले. दुपारपर्यंत त्यांचं घोरणं माडीवर ऐकू येत होतं. कुणाल घाबरून मला विचारायला आला, डॉक्टरला बोलवू का. म्हटलं, वेडा आहेस का, झोपू दे त्यांना.

त्यानंतर बाबांनी सायकलला हात लावला नाही. झोपाळ्यावर बसून पेपर वाचायचे, नातेवाईकांना फोन करायचे, अंगाने भरले. घरात कोणाला आनंद झाला नसेल एवढा मला झाला. पण मला सायकलची गोडी लागली होती ना. मी एकटीच जात राहिले.

पहिल्याच दिवशी त्या आतल्या रस्त्यावर मला चुकल्यासारखं झालं. मागे काही आवाज नव्हता. बाबांच्या मागून जाताना जो रस्ता मला कधी लांब वाटला नव्हता तो संपेना. ट्रेलर माझ्या कानाशी हॉर्न देत, घासून जात. त्या मोरीशी आलं की अंगावर काटा यायचा. कोणी आहे म्हणून नाही. कोणी नाही म्हणून. राखणदाराशिवायचं घर असतं ना, कडी नसलेलं, आत शिरताना दचकायला होतं, तसं.

चौथ्या-पाचव्या दिवशी बारीक भुरभुर होती. मोरीवर माझं पुढचं चाक कोणी धरून ओढावं तसं सरकलं. मी कोपरावर पडले आणि मागच्या ट्रेलरचं चाक माझ्या डोक्यापासून वीतभर अंतरावर येऊन थांबलं. गोदामाचा वॉचमन धावत आला. उत्तर भारतातला, जुना माणूस. मला उठवत म्हणाला, "क्या हो गया है इस जगह को? इस हफ्ते में आप तीसरी हैं. इतने साल से गेट पर बैठा हूँ, इधर कभी किसी को खरोंच नहीं आई."

मी घरी आले. बाबा झोपाळ्यावर होते, चहात बटर बुडवून खात होते. "काय गो, कसा होता रस्ता?"

कोपर ओढणीखाली झाकून मी म्हणाले, "मस्त होता बाबा."

"मंग झाला तर," ते म्हणाले आणि दुसरं बटर घेतलं. एवढी शांत झोप झालेला चेहरा होता त्यांचा. मी कसं सांगणार, की आपण त्याला देवळात आणलं ते ठीक, पण तो तिथे उगाच उभा नव्हता?

मोरीपाशी, म्हणजे आमच्या न्हाणीच्या मोरीपाशी, आईंनी मला बसवलं आणि कोपरावर हळद दाबली. न विचारता म्हणाल्या, "तिथंच पडलीस ना?"

मी मान हलवली. मग राहवलं नाही, सगळं सांगितलं. वॉचमन काय म्हणाला तेही. आई ऐकत होत्या, हळद लावत होत्या.

"मला ठावं होता," त्या म्हणाल्या. "पन यांची झोप की ती जागा, मी काय मागायचा व्हता? मी झोप मागितली."

"आता काय करायचं, आई? परत नेऊन ठेवायचं त्याला?"

"बसवलेला उठवत न्हायत."

"मग ती जागा तशीच मोकळी?"

आईंनी माझ्याकडे बघितलं. आवाज अगदी खाली आणला, कारण बाबा ओट्यावरच होते. "जागा मोकली ऱ्हात न्हाय गो. कोन ना कोन येतो. आला पन असंल, त्याशिवाय तुला पाडला कोनी?" मग त्या उठल्या, देवघरातून एक नारळ आणून माझ्या हातात दिला. "उद्या जाताना ठेव तिथं. यांना बोलू नको."

"कोणाला म्हणून ठेवू? नाव काय घेऊ?"

"नाव नको घेऊ. जो हाय त्याला. आपन आधी नारल दिलेला बरा."

दुसऱ्या दिवशी पहाटे ओट्यावर तिसरा कप परत भरलेला होता. बाबा आत घोरत होते. मी नारळ जर्सीच्या मागच्या खिशात घातला आणि निघाले. राहनाळला ऊन होतं. खाडीकडे वळले तेव्हा पाऊस आला. मोरीशी उतरले, हेल्मेट काढलं, बूट काढले. काँक्रीट गार होतं. मी नारळ ठेवला, हात जोडले आणि सायकलवर बसले. थोडं पुढे गेल्यावर मागे आवाज सुरू झाला. तो चिखलातल्या पायांचा नव्हता. ओळखीचा नव्हता.

घर येईपर्यंत मी मागे बघितलं नाही.